शिंगट्याचा काटा आणि दहा पावलांवरचं गरम पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात चढणीचे मासे (पावसाच्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) धरायला ओढ्यावर लोटलेल्या गर्दीचा फोटो आला होता. गुडघाभर गढूळ पाण्यात उभी असलेली पोरं, हातात मासे, चेहऱ्यावर आनंद. त्यातल्या एका पोरानं हातभर लांब शिंगटा, म्हणजे लांब मिशांचा काटेरी मासा, उघड्या मुठीत धरला होता. तो फोटो बघून माझ्या पोटात गोळा आला. हे पत्र मी त्या पोरासाठी लिहितो आहे. (चढणीला लागलेले मासे अंड्यांनी भरलेले असतात, ते धरूच नयेत असं माझं मत आहे, पण तो विषय वेगळा.)

गेल्या वर्षी मृगाचा पाऊस झाला त्या रात्री माझा पुतण्या गावातल्या पोरांबरोबर ओढ्यावर गेला. वय बावीस. बॅटरीच्या उजेडात जाळ्यातून मासे सोडवताना एक वीतभर शिंगटा त्याच्या हातात फडफडला आणि पंखाचा काटा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला. उसाची मोळी एका झटक्यात डोक्यावर घेणारा गडी हात छातीशी धरून अंगणात आला आणि जमिनीवर बसून ओरडायला लागला. जखम म्हणाल तर बाभळीचा काटा मोडावा एवढी. कळ मात्र खांद्यापर्यंत चढत होती.

"काय हुत न्हाई, शिंगट्यानं मारलंय, तंबाखू दाबा," असं सगळ्यांनीच सांगितलं. मनगटाला टॉवेल आवळला. चुना-तंबाखू मळून जखमेवर दाबली. ती दाबणारा मीच होतो. कोणी डिझेल ओतायला सांगितलं, तेही झालं. दोन तास असे गेले. मग मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. पावसाळ्याची रात्र, हाताला बारीक भोक. तिथं साप तर नव्हे ना या शंकेत आणखी वेळ गेला. शेवटी दुखण्याचं इंजेक्शन देऊन, जखमेला एक टाका घालून घरी पाठवलं. आत काही मोडून राहिलंय का, हे कोणी पाहिलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला, टाक्यातून पू यायला लागला. मिरजेला नेलं. एक्स-रेमध्ये काट्याचं टोक दिसलं, ज्वारीच्या दाण्याहून लहान. ते काढायला शस्त्रक्रिया आणि नऊ दिवस मुक्काम. हात वाचला, पण अंगठा अजून पुरता मिटत नाही. आमच्या भागात घरटी दोन-चार म्हशी. हा पोरगा दोन्ही वेळच्या धारा काढायचा. आता त्याची बायको काढते आणि तो शेजारी बादली धरून बसतो.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला, तो मी विसरू शकत नाही. "काटा लागला तेव्हा घरात गरम पाणी होतं का?" होतं. म्हशीचं आंबोण शिजवायची चूल अंगणात पेटलेली होती आणि तिच्यावर पाण्याचं पातेलं होतं. पोरगं जिथं बसून ओरडत होतं तिथून दहा पावलांवर.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते आपल्या वाचकांपर्यंत जावं. शिंगटा चावत नाही, आणि त्याच्या लांब मिशांनी काही होत नाही. लहान मुलं मिशांना घाबरतात आणि नेमका पंख धरतात. त्याचं हत्यार म्हणजे तीन काटे: एक पाठीवर आणि कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक. धोका जाणवला की मासा हे काटे ताठ उभे करतो आणि ते सांध्यात खिटी बसावी तसे अडकून राहतात, दाबून मिटत नाहीत. काट्यावरच्या पातळ कातडीत विषाच्या पेशी असतात. काटा घुसताना ती कातडी फाटते आणि विष जखमेत उतरतं. त्यात काट्याला करवतीसारखे दाते, म्हणून तो बाहेर निघताना आणखी मांस फाडतो आणि कधी टोक आतच मोडतं. लहान माशाचा काटा जास्त अणकुचीदार असतो, त्यामुळे बोटभर पिल्लू म्हणून दुर्लक्ष करू नये. मांगूर आणि शिंगी या शिंगट्याच्याच भाऊबंद माशांच्या पाठीवर काटा नसतो, पण बाजूचे दोन असतात. शिंगीचा काटा तर या सगळ्यांत वाईट, आणि हे दोन्ही मासे हवेतला श्वास घेत असल्यानं पिशवीत तास-तास जिवंत राहतात. मेलेल्या माशाचा काटाही लागतो. बाजारात मासे विकणाऱ्या बायका आधी काटे छाटतात आणि मगच मासा पाटीत टाकतात, त्याचं कारण हेच.

हे विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेनं निकामी होतं. म्हणून काटा लागला की दिसणारा तुकडा काढावा, जखम स्वच्छ पाण्यानं धुवावी आणि तो हात किंवा पाय सोसवेल इतक्या कडक पाण्यात बुडवून ठेवावा. सोसवेल म्हणजे ४० ते ४५ अंश सेल्सियस, त्याहून जास्त नाही. पाण्याचा अंदाज चांगल्या हातानं घ्यायचा, दुखऱ्या हातानं नाही, कारण कळांनी बधिर झालेल्या हाताला चटका कळत नाही. मधुमेहानं ज्यांच्या पायाची जाणीव गेली आहे, त्यांचं पाणी दुसऱ्यानं तपासावं. अर्धा तास ते दीड तास, पाणी निवेल तसं नवं घालत. बर्फ नको, दोरी नको, चिरा देणं नको, तोंडानं ओढणं नको. तंबाखू, चुना आणि डिझेल तर नकोच. त्यानं विष उतरत नाही, जखमेत घाण तेवढी जाते.

इथं एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. काटा माशाचाच लागला याची खात्री असेल तरच हा उपाय. अंधारात, पाण्यात, काय लागलं ते दिसलंच नसेल तर सापाची शंका धरून थेट दवाखाना गाठायचा. सर्पदंशावर गरम पाणी हा उपचार नव्हे. आणि सापाची लस माशाच्या विषावर चालत नाही. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराळ्याच्या या जिल्ह्यात साप चावला तर काय करायचं हे शाळेतल्या पोरांनाही सांगितलं जातं. माशाच्या काट्याबद्दल मात्र साठी उलटलेल्या मलाही कोणी कधी सांगितलं नव्हतं.

गरम पाण्यानं कळ थांबते, काम संपत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंच. काटा खोल गेला असेल, सांध्यापाशी असेल किंवा टोक मोडल्याची शंका असेल तर एक्स-रे मागून घ्यायचा. दम लागणं, चक्कर, लाली वर सरकत जाणं, ताप, जखमेभोवती कातडी काळी पडणं, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. नदीच्या पाण्यातल्या जखमेत एरोमोनास नावाचे जिवाणू शिरू शकतात आणि नेहमीच्या काही प्रतिजैविकांना ते दाद देत नाहीत. म्हणून जखम नदीच्या पाण्यात माशाच्या काट्यानं झाली आहे, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं. औषध त्यावरून ठरतं. आमची कृष्णा आज कशी वाहते हे सांगलीकरांना मी सांगायला नको. मधुमेह असेल किंवा यकृत खराब असेल अशा माणसानं तर अशी जखम अंगावर काढूच नये.

दिवाळीआधी घरात मासा साफ करताना माझ्या पत्नीच्या बोटाला शिंगट्याचा काटा लागला. या वेळी मी तंबाखूची पुडी शोधली नाही, पातेलं उतरवलं. पहिली दहा मिनिटं ती रडत होती. अर्ध्या तासात बोलायला लागली. तासाभरानं हात बाहेर काढला तेव्हा बोट ठणकत होतं, पण ती कळ गेली होती. संध्याकाळी उपकेंद्रात जाऊन इंजेक्शन घेतलं. तो तासभर मी तिच्याजवळ बसून पुतण्याचा अंगठा आठवत होतो.

सुट्टीत आपल्याकडची माणसं गाड्या भरून कोकणात जातात. तिथल्या उथळ पाण्यातल्या वाळूत पाकट (चपटा, लांब शेपटीचा मासा, इंग्रजीत स्टिंग रे) दबून बसलेली असते आणि तिच्या शेपटीचा काटा शिंगट्यापेक्षा कितीतरी मोठा. २०१३ साली मुंबईत गिरगाव चौपाटीवर गणपती विसर्जनाच्या वेळी पाकटांचे काटे लागून अनेक भाविक जखमी झाले होते. पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चाललं की पाकट चाहूल लागून निघून जाते. हाता-पायाला लागलं तर पहिला उपाय तोच, गरम पाणी, आणि मग दवाखाना. छातीत किंवा पोटात काटा रुतला असेल तर तो उपटायचा नाही, तसाच दवाखान्यात न्यायचा.

आपल्याला विनंती आहे की पावसाळ्यात चढणीच्या माशांचा फोटो छापाल तेव्हा शेजारी ही माहिती चार ओळींत द्यावी. मत्स्यव्यवसाय विभागानं मच्छीमार सोसायट्यांच्या सभासदांना गळ काढायला लांब तोंडाची पक्कड द्यावी, ती वापरायला शिकवावं आणि रात्री जाळं उघड्या हातानं सोडवू नका असं बजावावं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि आशाताईंच्या प्रशिक्षणात सर्पदंशाबरोबर हा विषय यावा. सभासदांनी आणखी एक चौकशी करावी: प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी अपघात विमा आहे आणि कायमच्या अंशतः अपंगत्वाला २.५ लाख रुपयांची तरतूद आहे. माझा पुतण्या सोसायटीचा सभासद नाही, त्याला यातलं काही मिळालं नाही.

आमच्या ग्रामपंचायतीत मी अर्ज दिला आहे. बंधाऱ्याजवळच्या भिंतीवर एवढंच लिहायचं आहे: "माशाचा काटा लागला? तंबाखू नको. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा, मग दवाखाना. साप असेल असं वाटलं तर थेट दवाखाना." रंगाचा आणि रंगाऱ्याचा खर्च मी करणार आहे. परवानगी या महिन्यात मिळाली तर पाणी चढायच्या आत अक्षरं वाळतील.

आपला,
एक शेतकरी वाचक,
भिलवडी परिसर, ता. पलूस, जि. सांगली