जुन्या चित्रपटांनाही चार ओळी द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शुक्रवारच्या पुरवणीतली नव्या चित्रपटांची समीक्षा मी सगळ्यात आधी वाचते. तिच्याखाली जुन्या चित्रपटांसाठी चार ओळींची जागा ठेवावी आणि त्या ओळी वाचकांकडून मागवाव्यात, एवढी विनंती करायला हे पत्र लिहीत आहे.

मी ३२ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पाहिलेल्या चित्रपटावर वहीत दोन-चार ओळी लिहायची सवय नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची. परवा ती वही चाळताना ध्यानात आलं की माझी जी मतं बदलली, ती चित्रपट दुसऱ्यांदा पाहिल्यावर बदलली. पहिल्याच आठवड्यात चित्रपटाला तारे देऊन मोकळं होणं म्हणून मला पटत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१५ साली पाहिला, तेव्हा मी लिहिलं होतं, “कॅमेरा हलतच नाही. कंटाळा आला.” गटार साफ करणाऱ्या एका कामगाराला गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा आरोप एका लोकशाहिरावर येतो, त्या खटल्याची ही गोष्ट. पुढे जमिनीच्या एका दाव्यासाठी दिरांबरोबर मला फेऱ्या माराव्या लागल्या. सकाळी दहापासून लाकडी बाकावर बसायचं, फायली काखेत मारून वकील आत जायचा, अर्ध्या मिनिटात बाहेर येऊन पुढची तारीख सांगायचा. त्यानंतर ‘कोर्ट’ पुन्हा लावला. बाईनं बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण ऐकत नाहीत, तो प्रसंग पहिल्या वेळी माझ्या नजरेतून निसटला होता. या वेळी मी त्या बाईबरोबर बाकावर बसले होते. वहीतली जुनी ओळ खोडली.

‘संत तुकाराम’ १९३६ चा, प्रभातचा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी देवळाच्या प्राकारात पडदा बांधून दाखवला होता. आम्ही मुलं तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांकडे आणि शेवटी गरुडाच्या विमानाकडे तोंड उघडं टाकून बघत होतो. गेल्या चतुर्थीला तो घरी सासूबाईंबरोबर पाहिला. त्या ८८ वर्षांच्या आहेत. मुलगा आजारी पडतो, तेव्हा जिजाई एका हातात त्याला आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला देवळात शिरते. सासूबाई सरसावून बसल्या आणि म्हणाल्या, “तिचें खरें.” आमच्या घरी बोलणं कोकणीत, वाचणं मराठीत. मग मीही सगळा चित्रपट जिजाईच्या बाजूनं पाहिला. घरातलं सगळं वाटून टाकणाऱ्या माणसाबरोबर संसार करायचा, पोरांना रोज जेवायला घालायचं आणि शेवटी तो वर जाताना आपण खालीच राहायचं. गौरीबाईंनी ती जिजाई अशी उभी केली आहे की नव्वद वर्षांनीसुद्धा ती आमच्या वाड्यावरची कुणीतरी वाटते. मराठीत स्त्रीची याहून खरी भूमिका मी पाहिलेली नाही.

‘सामना’ (१९७५) तरुणपणी डॉ. लागूंसाठी पाहिला होता. आता निळू फुल्यांसाठी पाहते. त्यांचा हिंदुराव लागूंच्या भणंग मास्तरला स्वतःच आसरा देतो, आणि तोच मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी विचारायचं काही सोडत नाही. खलनायक इतका लोभस दाखवायला धाडस लागतं. ‘इत्तेफाक’ (१९६९) रहस्यपट, एकही गाणं नाही आणि ते नसल्याचं जाणवतही नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) कितव्यांदा पाहिला याची मोजदाद सोडून दिली आहे. गोष्ट ‘बीवी और मकान’वरून घेतलेली, पण अशोक सराफांचं टायमिंग उसनं आणता येत नाही. ‘श्वास’ मात्र एकदाच पाहिला. ऑपरेशनच्या आधी आजोबा नातवाला इस्पितळातून बाहेर नेऊन जग दाखवतात, ते पुन्हा पाहायचं बळ मला झालं नाही.

आपल्या गोव्याचा ‘पल्तडचो मनिस’ मी इफ्फीत, म्हणजे पणजीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, पाहिला आणि फोंड्याची शेवटची कदंब बस चुकू नये म्हणून शेवट न पाहताच उठले. इफ्फी २००४ पासून पणजीत भरतो, पण आमच्यासारख्यांना तो असा अर्धामुर्धाच मिळतो. शेवट पाहायला पुढे तीन वर्षं गेली. महाबळेश्वर सैल यांच्या ‘अदृष्ट’वरून लक्ष्मीकांत शेटगावकरांनी केलेला हा चित्रपट. घाटातल्या रानात एकटा राहणारा, बायको गेलेला वनरक्षक एका वेड्या बाईला आसरा देतो आणि गाव त्याच्याविरुद्ध उभं राहतं. त्या बाईच्या मनात काय चाललं आहे, ते आपल्यापर्यंत पुरतं पोचत नाही, एवढी माझी तक्रार आहे. पण ते रान, ती ओल आणि गावकऱ्यांची ती नजर मी ओळखते. टोरांटोच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, आणि आमच्या तालुक्यातल्या शिक्षकांना मी विचारते तर बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं. आपल्या पानावर या चित्रपटाविषयी चार ओळी आल्या, तर निदान एखादी शाळा तो मुलांना दाखवेल.

आपण जागा दिलीत, तर माझ्या पहिल्या चार ओळी ‘संत तुकाराम’वर येतील. सासूबाईंना जिजाईविषयी अजून बोलायचं आहे, त्यांचं लिहून घेऊन पाठवते.

आपली,
एक वाचक
कवळे, फोंडा