बाई, तो धूर नव्हता

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "पुस्तक उघड" म्हणता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. शिक्षण कॉमर्सचं, संस्कृत शाळेतच सुटलेलं. उपनिषदं, प्लेटो ही नावं भाषणांतून ऐकलेली, तेवढीच. शेजारच्या काकूंनी तुमच्याकडे पाठवलं तेव्हा वाटलं, एखादा जाड ग्रंथ हातात पडणार. तुम्ही खडू दिलात.

फरशीवर दोन फूट बाजूचा चौरस काढायला लावलात. क्षेत्रफळ चार. आता बरोबर दुप्पट, म्हणजे आठचा काढ. मी पटकन म्हणालो, बाजू चार करायची. "काढून बघ." मोजले तर सोळा. मग बाजू तीन घेतली, तर नऊ. दिवसभर आकड्यांत असणारा माणूस मी, पण घाम फुटला. तुम्ही मधूनमधून एखादा प्रश्न विचारत होता, उत्तर मात्र देत नव्हता. बऱ्याच वेळाने कर्णाकडे लक्ष गेलं. कर्णावर चौरस उभा केला आणि आठ झाले! मग तुम्ही प्लेटोचा 'मेनो' हा संवाद पुढे ठेवलात. त्यातला गुलाम मुलगाही सॉक्रेटिसला आधी चार सांगतो, मग तीन. चोवीसशे वर्षांपूर्वीच्या त्या पोराची चूक जशीच्या तशी माझ्या हातून झाली होती. तेव्हापासून प्लेटो मला परका वाटला नाही.

दुसरी आठवण सांगलीजवळच्या हरिपूरची. थंडीतली सकाळ, आपण संगमेश्वराच्या घाटावर. 'तर्कसंग्रह' या तर्कशास्त्राच्या संस्कृत पुस्तकातलं अनुमान, त्याच्या पाच अवयवांसकट, तुम्ही नुकतंच शिकवलं होतं: प्रतिज्ञा (काय सिद्ध करायचं), हेतू (त्याचं कारण), उदाहरण, उपनय (ते इथे लावणं), निगमन (निष्कर्ष). डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. पलीकडच्या काठावर पांढरं काही वर चढताना दिसलं आणि मी हौसेने म्हणालो, "बाई, तिकडे गुऱ्हाळ पेटलंय." पाचही अवयव धडाधड म्हणून दाखवले. तुम्ही एवढंच विचारलंत, "धूरच आहे ना?" ऊन वर आलं तसं ते विरत गेलं. धुकं होतं. मांडणीत कुठे खोट नव्हती, हेतूच खोटा होता. आजही यार्डात कुणी छातीठोक काही सांगू लागलं की मनात पहिल्यांदा तुमचा तोच प्रश्न येतो.

युरोपातल्या जुन्या शिक्षणात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हा पाया असे, हे तुमच्याकडूनच कळलं. आणि आपल्याकडे व्याकरण (पदांचं शास्त्र), मीमांसा (वाक्यार्थाचं), न्याय (तर्काचं, प्रमाणांचं) या तिन्हींत मुरलेल्याला 'पदवाक्यप्रमाणज्ञ' म्हणत. केवढा मानाचा शब्द! आधी पद कळू दे, मग वाक्य, मत नंतर, असं तुम्ही म्हणायचात. मला तर मत आधी देण्याचीच सवय होती.

म्हणूनच कठोपनिषद आणि सॉक्रेटिसचं न्यायालयातलं भाषण आपण पाठोपाठ वाचलं तेव्हा "दोघे एकच सांगतात" हे माझं वाक्य तुम्ही खोडलंत. कठोपनिषदात यम नचिकेत या मुलाला ठाम सांगतो, आत्मा जन्मत नाही, मरत नाही. सॉक्रेटिस दोन शक्यता मांडतो, मरण म्हणजे स्वप्नही न पडणारी झोप किंवा दुसरीकडे प्रस्थान, आणि मला ठाऊक आहे असा दावा करत नाही. हा फरक दिसल्यावर दोघांचंही धैर्य मला जास्त कळलं. पुढे यमाचं तेच वचन थोड्या फरकाने गीतेत भेटलं आणि तिथून आपण ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात उतरलो. घरात आजीच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचल्या.

एवढं सगळं शिकवलंत आणि कधी एक रुपया घेतला नाहीत. गणपतीला आणलेले पेढेसुद्धा अर्धे परत बांधून दिलेत.

२०१९ च्या पुरात भिजलेली, दोरीवर वाळवलेली तुमची 'तर्कसंग्रहा'ची प्रत अजून माझ्याकडे आहे. पानं फुगलीत, पण समासातल्या तुमच्या पेन्सिलीच्या खुणा शाबूत आहेत. भाची आठवीत गेली. रविवारी तिला घेऊन येतोय. तिला चौरसाबद्दल काहीही सांगितलेलं नाही.

तुमचा,
अडतीवरचा विद्यार्थी