वसाहत नव्हती, तर मनिलात काय होते?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकेवरचा लेख माहितीपूर्ण आहे. पण 'ब्रिटन-फ्रान्सप्रमाणे अमेरिकेने कधी वसाहती केल्या नाहीत' हे त्यातले विधान कसे काय छापले गेले? मधली जपानी राजवट सोडली तर 1898 ते 1946 फिलिपिन्स अमेरिकेच्याच ताब्यात होता.

तो ताबा मिळाला कसा, हे मुळातून पाहण्यासारखे आहे. क्यूबाला स्पेनच्या जाचातून सोडवायचे म्हणून युद्ध पुकारले आणि पहिली मोठी लढाई झाली ती पार मनिलाच्या उपसागरात, 1 मे 1898 रोजी! तिकडे फिलिपिनो स्वातंत्र्यलढ्याचा नेता आग्विनाल्दो याच्या फौजांनी स्पॅनिशांना मनिलात कोंडून धरले होते. 12 जूनला स्वातंत्र्यही जाहीर केले होते. ऑगस्टमध्ये स्पॅनिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांनी आधी संगनमत करून लुटुपुटीची लढाई केली. शहर अमेरिकेच्या हवाली झाले आणि फिलिपिनो सैनिकांना आत पाऊल टाकू दिले नाही. स्पेन आणि अमेरिका यांच्यातल्या पॅरिसच्या तहाच्या वेळी फिलिपिनोंचे दूत फेलिपे आगोन्सिल्यो यांना बैठकीत प्रवेशच मिळाला नाही. दोन कोटी डॉलर स्पेनला देऊन देशाचा सौदा उरकला.

कशासाठी? मागासांना सुधारण्याची भाषा होतीच. पण 1893च्या मंदीने पोळलेल्या कारखानदारांना गिऱ्हाईक हवे होते, आरमाराला कोळसा भरायला बंदरे हवी होती. सिनेटर बेव्हरिज यांनी जानेवारी 1900 मध्ये भर सिनेटमध्ये आडपडदा न ठेवता सांगितले, की फिलिपिन्सच्या पलीकडे चीनची अफाट बाजारपेठ आहे. सगळे अमेरिकी या मताचे नव्हते, हेही सांगायला हवे. पोलादसम्राट कार्नेगी साम्राज्यविरोधी लीगला पैसा पुरवत होते.

मग अमेरिका आणि फिलिपिनो यांच्यात जे युद्ध पेटले त्यात वीस हजारांवर फिलिपिनो सैनिक पडले. लढाई, उपासमार आणि रोगराईने दोन लाखांपर्यंत सामान्य माणसे गेली. सप्टेंबर 1901 मध्ये समार बेटावरच्या बालांगिगात 48 अमेरिकी सैनिक मारले गेले. त्याचा सूड म्हणून जनरल जेकब स्मिथ यांनी दहा वर्षांवरील जो कोणी शस्त्र उचलू शकेल त्याला ठार करण्याचा हुकूम दिला. लष्करी न्यायालयाने शिक्षा केली ती समज देण्याची. नंतर त्यांना सक्तीने निवृत्त केले, एवढेच. गावच्या चर्चमधल्या तीन घंटा सैनिकांनी लुटून नेल्या. त्या परत यायला डिसेंबर 2018 उजाडले.

अमेरिकेने शाळा काढल्या, रस्ते बांधले, हे खरे. असल्या उपकारांची यादी आपणही ऐकत आलो आहोत.

माझा खरा आक्षेप 1946च्या स्वातंत्र्याबद्दल आहे, कारण लेखात ते 'उदारपणे दिलेले' म्हटले आहे. 1945च्या लढाईत मनिलाची राखरांगोळी झाली होती. त्या नुकसानीची 500 डॉलरच्या वरची भरपाई हवी असेल तर बेल व्यापार कायदा मान्य करा, अशी अट अमेरिकी काँग्रेसने घातली. त्या कायद्याने पेसोची किंमत डॉलरला बांधली आणि खाणी, जंगले, जमिनींवर अमेरिकी नागरिकांना फिलिपिनोंच्या बरोबरीचा हक्क दिला. त्यासाठी नव्या देशाला स्वतःची राज्यघटना दुरुस्त करावी लागली. त्याच वर्षी अमेरिकी झेंड्याखाली लढलेल्या बहुतेक फिलिपिनो सैनिकांचे माजी सैनिक म्हणून मिळणारे लाभही कायदा करून काढून घेतले. ह्याला उदारपणा म्हणायचे?

फिलिपिन्समधल्या अमेरिकी लष्करी तळांचेही तेच. 1991 मध्ये फिलिपिन्सच्या सिनेटने 12 विरुद्ध 11 मतांनी तळांचा नवा करार फेटाळला, पुढच्या वर्षी सुबिकचा नाविक तळ रिकामा झाला. आज 2014च्या करारानुसार नऊ ठिकाणी अमेरिकी सैन्याला पुन्हा मुभा आहे. यावेळी चीनच्या धास्तीने मनिलानेच होकार दिला, त्यामुळे हे जुन्याच मापाने मोजता येणार नाही. मात्र लेखमालेच्या पुढच्या भागात बेल कायद्याला चार ओळी तरी द्याव्यात, ही विनंती.

— एक नियमित वाचक, सातारा