विमानप्रवासाचा वेळ पूर्ण छापावा

महोदय,

परदेशातील मुलांकडे जाणाऱ्या पालकांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत जो तक्ता आला आहे, त्यात नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १३,१०० किलोमीटर आणि प्रवासाचा वेळ साडेचौदा तास असा दिला आहे. अंतर बरोबर आहे. वेळेबद्दल मात्र माझी हरकत आहे.

हे अंतर पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या वाटेचे आहे. भूगोल शिकवत असताना मी पृथ्वीगोलावर दोरा ताणून मुलांना अशा वाटा दाखवीत असे. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पश्चिमेला, अटलांटिकपलीकडे दिसते. दोरा मात्र नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून बराचसा उत्तरेकडेच निघतो आणि तिबेट, सायबेरिया असा उत्तर ध्रुववृत्त ओलांडून कॅलिफोर्नियात उतरतो. (मुलांना हे पटायला एक तास पुरत नसे.) त्या लांबीला ताशी ९०० किलोमीटरने भागले की साडेचौदा तास येतात. भागाकार चोख आहे, पण त्या दोऱ्यावरून नागपूरचे एकही विमान जात नाही.

आपल्याला आधी बहुधा दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागते, तेथे इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणीसाठी तीन तास हाताशी ठेवावे लागतात, आणि दोन विमानांच्या वेळा जुळल्या नाहीत तर खुर्चीत बसून रात्र काढावी लागते. मी मुलीकडे गेले तेव्हा घराला कुलूप लावल्यापासून तिच्या दारात पोहोचेपर्यंत २९ तास लागले. अशाच एका आकड्यावर विसंबून मधुमेहाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत मोजक्याच घेतल्या होत्या. उरलेल्या गोळ्या विमानाच्या पोटातल्या बॅगेत होत्या.

शिवाय कमी अंतर म्हणजे कमी वेळ, हेही नेहमी खरे नसते. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटरच्या घरात गेली, तरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांची साथ मिळाल्याने वेळ घटून साडेचौदा तासांवर आला. उलट, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा पडला आणि प्रवास लांबला.

तिकिटावरील वेळांनीही अनेकांचा गोंधळ उडतो, कारण त्या त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात. दिल्लीहून पहाटे तीनला सुटलेले विमान त्याच तारखेला सकाळी साडेसहाला सॅन फ्रान्सिस्कोला उतरेल असे लिहिलेले असले, तर तो प्रवास साडेतीन तासांचा नसतो. उन्हाळ्यात त्यात साडेबारा तास मिळवावे लागतात आणि सोळा तास होतात. हिवाळ्यात हा फरक साडेतेरा तासांचा असतो.

यापुढे असा तक्ता छापताना सरळ अंतराशेजारी प्रत्यक्ष वेळापत्रकातील उड्डाणाचा वेळ, मधल्या विमानतळावरचा थांबा आणि दोन्हीकडच्या घड्याळांतील फरक असे वेगळे रकाने द्यावेत, आणि वेळापत्रक कोणत्या महिन्याचे आहे तेही नमूद करावे, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ, नागपूर