काका, तुमच्यामुळे आजोबांचा कॉफी ग्राइंडर नीट विकला गेला

काका, फोनवर थँक्यू म्हणून झालं पण मन भरलं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

आजोबांचा तो लाकडी डब्याचा, वर दांडा फिरवायचा आणि खाली ड्रॉवर ओढायचा कॉफी ग्राइंडर विकायचं ठरलं तेव्हा मी सरळ पॉलिश पेपर, वॉर्निश आणि ब्रासो घेऊनच बसणार होते. चकाचक केला की जास्त पैसे येतील असं वाटलं, आणि तुम्हाला फक्त कुठलं वॉर्निश घेऊ एवढंच विचारायला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, "हात लावू नकोस, मी येतो." त्या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे खरं तर. कारण लाकडाचा तो काळपट रंग आणि पितळेवरचा डाग हीच त्याच्या वयाची खूण, ती घासून काढली की परत आणता येत नाही आणि जुन्या वस्तू जमवणारे लोक मग फिरूनही बघत नाहीत, हे मला कोण सांगणार होतं?

ग्राइंडरवरच्या नावाच्या पट्टीवर प्यूजो आणि सिंह दिसला तेव्हा मला ती पट्टी नंतर कोणीतरी चिकटवलीय असंच वाटलं, मला प्यूजो म्हणजे मोटारगाडी एवढंच माहिती. तुम्ही शांतपणे सांगितलंत की गाड्या नंतर आल्या, आधी हे लोक पोलादाच्या करवती बनवायचे, सिंह पण त्या करवतींचाच, आणि कॉफीच्या गिरण्या 1840 पासून. मी लगेच जाहिरातीत "1840 चा अँटिक" असं टाईप करायला घेतलं तर तुम्ही थांबवलंत, कंपनीने सुरुवात तेव्हा केली म्हणून प्रत्येक गिरणी तेव्हाची होत नाही, नक्की साल माहीत नसेल तर नुसतं "जुना" लिही. मग उलटा करून तळाचे स्क्रू दाखवलेत, तीन एका खाचेचे आणि एक प्लसचा, प्लसचे स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आले म्हणजे हा एक तरी नंतर बदललेला, तेही लिहायला लावलंत.

साफसफाई पण तुम्हीच शिकवलीत. पाणी अजिबात नाही, आतल्या कॉफी दळणाऱ्या दात्यांना गंज धरतो आणि लाकूड फुगतं, कोरड्या ब्रशने जुनी पूड झाडायची, दात्यांवर बसलेला कॉफीचा खवट तेलकट थर सुक्या कापडाने पुसायचा, बास. आणि दात्यांचा जवळून फोटो, कारण वापरणारा माणूस आधी तेच बघतो.

कोपऱ्यातल्या चिरेवरून आपला थोडा वाद झाला. मला ती फोटोत नको होती. तुम्ही चिरेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढलात आणि म्हणालात घेणाऱ्याला ती आत्ताच दिसू दे. ज्या ताईंनी घेतला त्यांचा मेसेज आला, इतके ग्राइंडर बघितले पण चीर मोजून दाखवणारी तुम्हीच, म्हणून विश्वास ठेवला. पार्सलही सुखरूप पोचलं, दांडा काढून वेगळा गुंडाळला होता, ड्रॉवर वेगळा, आणि डब्यात डबा, तुम्ही सांगितलंत तस्संच.

आणखी एक, जे तुम्ही बोलून दाखवलं नाहीत पण मी लिहिणारच. तुम्ही स्वतः असे ग्राइंडर जमवता. मला काहीच कळत नव्हतं, तुम्ही म्हणाला असतात "दे मला, काहीतरी देतो" तर मी आनंदाने देऊन टाकला असता. त्याऐवजी तुम्ही मला बसवून आधी असेच ग्राइंडर खरंच कितीला विकले गेलेत ते शोधायला लावलंत, नुसते मागितलेले भाव नाहीत, आणि मगच किंमत ठरवू दिलीत.

आजोबा असते तर तुमच्याशी तासभर त्या दात्यांवरच बोलत बसले असते. तुमचा छोटा पेचकस माझ्याकडेच राहिलाय, रविवारी घेऊन येते.