'शक्य तितक्या लवकर' म्हणजे कधी?

मा. संपादक,

महोदय,

मी अठ्ठावीस वर्षे आठवीच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्यशासनाचा पाठ चालू होता. फळ्यावर विधान परिषदेचे ७८ सदस्य मांडून दाखवत होते: आमदारांनी निवडलेले ३०, स्थानिक स्वराज्य संस्थांचे २२, पदवीधरांचे ७, शिक्षकांचे ७ आणि शेवटी राज्यपालनियुक्त १२. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, त्या बारा जागा तर रिकाम्या आहेत ना?" मी हो म्हटले. "मग राज्यपालांनी होय पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही, तर काय करायचं?"

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन घटनेची प्रत काढली. तिच्यातही उत्तर नव्हते.

आधीच्या बारा सदस्यांची मुदत जून २०२० मध्ये संपली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने नवी नावे राजभवनाकडे पाठवली. नाशिकच्या एका नागरिकाने जनहित याचिका केली, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घ्यायलाच हवा आणि आठ महिने ही पुरेशी मुदत झाली. पण अनुच्छेद ३६१ मुळे राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नाहीत, म्हणून आदेश मात्र देता येत नाही, असेही त्याच निकालात म्हटले. यादी तशीच पडून राहिली. पुढे सरकार बदलले, नव्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये ती मागे घेतली, आणि बारापैकी सात जागा भरल्या गेल्या त्या थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये. चार वर्षांहून अधिक काळ सभागृहाचा जवळजवळ सातवा हिस्सा रिकामा होता. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या माणसांसाठी घटनेने या जागा ठेवल्या आहेत. मते मागत दारोदार न फिरणाऱ्या माणसालाही कायदा करताना बोलता यावे, म्हणून.

यात चूक कोणत्या पक्षाची, यावर मला लिहायचे नाही. आज सत्तेत असलेला उद्या विरोधात बसतो आणि दोघांनाही हा त्रास आळीपाळीने होतो. मला बोलायचे आहे ते मुदतीबद्दल.

घटनाकारांना मुदत घालणे माहीत नव्हते असे मुळीच नाही. विधानसभेने मंजूर केलेले विधेयक विधान परिषद तीन महिन्यांपेक्षा जास्त अडवू शकत नाही. विधानसभेने तेच पुन्हा मंजूर केले, तर परिषदेच्या हातात एकच महिना उरतो. धनविधेयक असेल तर चौदा दिवस. अध्यादेश काढला, तर अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो आपोआप संपतो. राष्ट्रपतींनी राज्याचे विधेयक फेरविचारासाठी परत पाठवायला लावले, तर विधिमंडळाने सहा महिन्यांत त्याचा विचार करायचा, असे अनुच्छेद २०१ सांगतो. म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला दिवस मोजून दिलेत. राज्यपालांना मात्र विधेयक परत पाठवायचे असेल तर 'शक्य तितक्या लवकर' एवढेच शब्द आहेत, आणि बारा नावांच्या बाबतीत तेवढेही नाहीत.

राष्ट्रपतींनी संसदेचे विधेयक परत पाठवण्यासाठी घटनेच्या मसुद्यात सहा आठवड्यांची मुदत होती. १९४९ मध्ये ती काढून 'शक्य तितक्या लवकर' हे शब्द घातले गेले, तेव्हा हरी विष्णू कामथांनी घटना समितीत त्याला आक्षेप घेतला होता. डॉ. आंबेडकरांनी ही दुरुस्ती मांडली ती पदावरची माणसे जबाबदारीने वागतील या विश्वासाने, असे मी समजते. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण सत्तर वर्षांचा अनुभव कामथांच्या बाजूने बोलतो, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तामिळनाडूच्या राज्यपालांनी अडवून ठेवलेल्या दहा विधेयकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी एप्रिल २०२५ मध्ये अशा निर्णयांसाठी मुदती आखून दिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश गवई यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की, घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही आणि संमती मिळाली असे गृहीतही धरता येत नाही. कारण न देता दीर्घकाळ काहीच केले नाही, तर निर्णय घ्या एवढे न्यायालय सांगू शकेल. अनेकांना हे मत निराश करणारे वाटले. मला ते पटले. कायदा करणे, राबवणे आणि त्याचा अर्थ लावणे ही तीन वेगळी कामे आहेत, हे मी मुलांना शिकवत आले. न्यायालयाने घटनेत नवा आकडा लिहू नये. पण मग ज्यांनी तो लिहायचा, त्यांनी तरी लिहावा. दर वेळी कोणी नागरिकाने पदरमोड करून कोर्टाची पायरी चढायची आणि 'निर्णय घ्या' एवढेच पदरात पाडून घ्यायचे, ही काही राज्यकारभाराची रीत नव्हे.

हे काम संसदेचे आहे. केंद्र-राज्य संबंधांवरच्या पुंछी आयोगाने २०१० मध्येच राज्यपालांनी विधेयकावर सहा महिन्यांत निर्णय घ्यावा, असे सुचवले होते. ती शिफारस अजून घटनेत उतरलेली नाही. दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागेल, म्हणजे सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही एकत्र यावे लागेल. अवघड आहे, पण वस्तू व सेवा कराच्या वेळी ते जमले होते.

महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत. त्यांच्यापैकी एकाने तरी पुढच्या अधिवेशनात अशासकीय विधेयक मांडावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अनुच्छेद १७१ मध्ये नियुक्तीसाठी तीन महिने आणि अनुच्छेद २०० व २०१ मध्ये विधेयकासाठी सहा महिने, एवढीच दुरुस्ती. नकार द्यायचा असेल तर जरूर द्यावा, पण त्या मुदतीत आणि लेखी कारणासह.

त्या मुलीला मी तेव्हा "शोधून सांगते" म्हटले होते. ती आता कॉलेजात आहे आणि यंदा तिचे नाव मतदार यादीत आले. परवा बाजारात भेटली, तेव्हा तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा