खालच्या प्लॉटची थंडी

पुणे, 29 डिसेंबर

ती. आई आणि अण्णा यांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई सहज बोलून गेली, "अण्णा रात्री तीनला बागेत गेले होते." अण्णा, बहात्तराव्या वर्षी! फोन ठेवला आणि मग मला झोप काही लागली नाही. पेपरात निफाडचा पारा उतरल्याची बातमी दिसली की आजही माझ्या डोळ्यांपुढे आधी आपला द्राक्षांचा खालचा प्लॉट येतो. ओढ्याकडचा, खोलगट. वारा पडला की रात्रीची सगळी गार हवा उतरून तिथेच साचायची, आणि मणी तडकायला सुरुवात व्हायची ती तिथूनच.

एक गोष्ट तुम्हाला एकवीस वर्षं सांगायची राहिली आहे. फोनवर जमणार नाही म्हणून लिहितो.

डिसेंबर 2004. मी शेवटच्या वर्षाला होतो. सबमिशन आहे, या शनिवार-रविवारी येत नाही, असं मी आईला सांगितलं होतं. ते खोटं होतं. मी आणि माझा खोलीवरचा मित्र तुमची सीडी हंड्रेड घेऊन भंडारदऱ्याला निघालो होतो. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले. स्वेटरच्या आत छातीवर पेपरची घडी, पायात दोन-दोन मोजे, मागे दोरीने बांधलेला भाड्याचा तंबू. राजूरच्या पुढे अंधारात क्लचची केबल तुटली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि तेव्हा आठवलं की गाडी माझ्या हातात देताना तुम्ही सीटखाली एक जादा केबल गुंडाळून ठेवली होती, प्लग आणि प्लगपान्याबरोबर. मी तेव्हा म्हणालो होतो, "कशाला अण्णा, पुण्यात सगळं मिळतं." तुम्ही काहीच न बोलता सुतळीची गाठ मारली होती. ती गाठ मी दातांनी सोडवली. बोटं इतकी बधिर झाली होती की केबलच्या टोकाची गोळी लिव्हरच्या खाचेत बसवायलाच अर्धा तास गेला. मित्र बॅटरी धरून होता आणि त्याचा हात थरथरत असल्यामुळे उजेड सारखा हलत होता.

शेंडीहून पुढे धरणाच्या पाण्याला वळसा घालत साम्रदच्या बाजूला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. मित्राला तंबू अगदी पाण्याच्या काठाला लावायचा होता. सकाळी चेन उघडली की समोर पाणी आणि त्यात रतनगड, असं त्याच्या मनात. मी नको म्हणालो. का, ते मला तेव्हा नीट सांगताही आलं नाही. एवढंच म्हणालो, "खाली गारठा साचतो, आमच्या खालच्या प्लॉटसारखा." आम्ही वरच्या टेपाडावर गेलो. तिथल्या एका घरातल्या आजोबांनी भाताचा पेंढा आणून दिला. "थंडी वरून नाय, भुईतून येती," म्हणाले. पेंढ्यावर तंबू टाकला. त्यांच्याच चुलीवरची नागलीची भाकरी आणि पिठलं खाल्लं. नंतर बाहेर शेकोटी पेटवून बसलो.

आई, त्या रात्रीइतकं आकाश मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ढग नाही, वारा नाही, चंद्र नाही. बोट ठेवायला जागा मिळणार नाही इतक्या चांदण्या. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला आमच्याच श्वासाचं पाणी धरलं होतं आणि थेंब तोंडावर पडत होते. गाडीची सीट दवाने निथळत होती. चोक ओढून विसाव्या-बाविसाव्या किकला ती सुरू झाली, आणि आम्ही दोघं सायलेन्सरला हात शेकत बसलो. मी त्या वेळी फार सुखात होतो. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

तिथून घोटीमार्गे मी थेट घरी आलो. पुण्याहून आलो असंच सांगितलं. अण्णा ओट्यावर बसून होते, डोळे लाल, मफलरला धुराचा वास. सलग दोन रात्री तुम्ही दोघं खालच्या प्लॉटात खरड छाटणीच्या काड्या पेटवत होतात. लाइट असेल तेव्हा ठिबकला विहिरीचं कोमट पाणी सोडायचं, नसेल तेव्हा ओळीओळीत शेकोट्या, आणि इकडची विझायच्या आत तिकडचीकडे धाव. तरी सहा ओळी गेल्याच होत्या. अण्णांनी मला एक घड आणून दाखवला. तडकलेल्या मण्यांतून रस आला होता, चिकट, आणि त्यावर माश्या बसायला लागल्या होत्या. आई, तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि हात नाकाशी नेलास. "तुलाही धुराचा वास येतोय रे," एवढंच म्हणालीस आणि पाणी तापवायला गेलीस.

आम्हाला निरभ्र आकाश हवं होतं आणि ते मिळालं म्हणून आम्ही खूश होतो. त्याच आकाशाकडे बघून तुम्ही संध्याकाळीच काड्यांच्या मोळ्या बाहेर काढल्या असणार. ढगांचं पांघरूण नसलं की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते, हे मला शाळेत शिकवलं होतं आणि तुम्ही शेतात दाखवलं होतं. तंबू कुठे लावायचा हे ठरवायला ते ज्ञान मी वापरलं. तुम्हाला त्या रात्री एक माणूस कमी पडत होता, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतर मी खूप फिरलो. राजमाची, कच्छचं रण, दोनदा हिमाचल. त्यातली एकच आठवण काढतो, कारण अण्णा, ती तुमचीही आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये मी स्पितीत ताबोला होतो. हिवाळ्यात मनालीकडचा कुंझुमचा रस्ता बर्फाने बंद होतो, म्हणून किन्नौरच्या बाजूने गेलो होतो. रात्री पारा शून्याच्या पंधरा अंश खाली. तिथल्या सफरचंदवाल्या शेतकऱ्याला मी आपल्या शेकोट्यांबद्दल सांगितलं, तर तो चकितच झाला. म्हणाला, आमच्या झाडांना थंडी लागतेच. सात अंशांच्या खालचे हजारेक तास मिळाले नाहीत तर वसंतात नीट फुलोराच येत नाही. मी तिथूनच तुम्हाला फोन लावला. तुम्ही बराच वेळ गप्प होतात आणि मग विचारलंत, "म्हणजे त्यांना रात्री झोपता येतं?" मी हो म्हणालो. तुम्ही म्हणालात, "बरं आहे बाबा त्यांचं." त्या आवाजात हेवा नव्हता. तुम्हाला खरोखर बरं वाटलं होतं. तो फोन मी कधीच विसरलो नाही.

मला तुम्ही कधी जाऊ नको म्हणाला नाहीत. धाकट्या काकांनी त्यांच्या पोरांना गाडीला हात लावू दिला नाही, तुम्ही मला केबल बांधून दिलीत. मी किती वेळा न सांगता गेलो, आणि त्यातल्या किती वेळा तुम्हाला ठाऊक होतं, याचा हिशेब माझ्याकडे नाही.

मी शुक्रवारी दुपारी निघतोय. गाडीवरच येतोय, काळजी करू नका, उजेडात नारायणगाव मागे टाकेन. चार दिवसांची रजा टाकली आहे. तंबू आणि स्लीपिंग बॅग बरोबर आणतो, वरच्या बांधावर लावतो. तीनचा गजर मी लावणार, अण्णांनी पांघरुणातून उठायचं नाही. थर्मामीटर खालच्या प्लॉटात मधल्या ओळीत टांगून ठेवा आणि काड्या ताडपत्रीखाली घ्या, दवाने ओल्या झाल्या तर पेटत नाहीत.

आणि आई, तू मला एक खरं सांग. त्या दिवशी हात नाकाशी नेलास, तेव्हाच तुला कळलं होतं ना?

तुमचा,
थोरला